वीस रुपयांचे टोलेडो

दिवाळीच्या सुमारास आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोन प्रश्नांवर हमखास खल चालू असतो. पहिला, यंदा चकलीला काटे का आले नाहीत? आणि दुसरा, सुट्टीत जायचे कुठे? पहिल्याचे उत्तर भाजणीत तरी सापडते. दुसऱ्याचे सापडता सापडत नाही. वडिलांना खर्च दिसतो, आईला मागे राहिलेली आजी दिसते, आणि मुलांना शेजारच्यांची मुले कुठे जाऊन आली तेवढेच दिसते. अखेर कुठल्या तरी प्रवासी कंपनीचे रंगीत पत्रक घरात येते. पाच दिवसांत सात शहरे, न्याहारी मोफत. मग काय, मंडळी निघतात, फोटो काढतात, परत येतात, आणि आठ दिवसांनी घुमटाचे ते शहर कोणते आणि किल्ल्याचे कोणते यावर नवराबायकोत मतभेद होतात.

मी प्रवासाच्या विरुद्ध नाही. पण मराठी शिकवणाऱ्या माणसाला विद्यार्थ्यांकडून प्रवासवर्णने लिहवून घ्यावी लागतात, आणि ती तपासताना एक विचार गेली काही वर्षे मनात घोळतो आहे. तो असा, की ऐतिहासिक गाव पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? बहुतेक वह्यांत एकच उत्तर असते. जे उरले आहे ते पाहायचे. बुरूज अमुक उंच, देऊळ तमुक शतकातले, कमान भव्य, परिसर रमणीय. शेवटी सर्वांनी मिळून भेळ खाल्ली.

या उत्तराला मागच्या हिवाळ्यात एका मुलीने धक्का दिला, आणि तोही वीस रुपयांत. ती हकीकत आज या सदरात सांगायची आहे.

पण आधी एक दूरची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातून बी.ए. झालेली एक विद्यार्थिनी सध्या माद्रिदला स्पॅनिश भाषेचा पुढला अभ्यास करते. तिने एका रविवारी टोलेडो या जुन्या शहराची एक दिवसाची सहल केली आणि मला सविस्तर पत्र पाठवले. माद्रिदहून जलद गाडीने अर्ध्या तासाचे अंतर. टेकडीवर वसलेले गाव, तीन बाजूंनी टॅगस नदीचा वेढा, दगडी पूल, वेशी, अरुंद गल्ल्या. १२२६ साली बांधायला घेतलेले प्रचंड कॅथीड्रल. एल ग्रेको हा चित्रकार १५७७ पासून १६१४ त मरण पावेपर्यंत याच गावात राहिला, त्याची चित्रे. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिघांच्या कारागिरीच्या खुणा एकाच गल्लीत. १९८६ साली युनेस्कोने सगळे शहरच जागतिक वारशात घेतले. पत्र इतके सुरेख होते की मी ते द्वितीय वर्षाच्या वर्गात वाचून दाखवले. मुले हरखून गेली. तास संपताना मी सांगितले, की आपली गोव्याची सहल आता होतेच आहे, तर जुन्या गोव्यावर प्रत्येकाने असेच एक प्रवासवर्णन लिहायचे. अंतर्गत मूल्यमापनाचे दहा गुण त्यावर.

तास सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. औशाकडची. आईवडील गावी शेती करतात, आणि ही शिकायला सोमाटण्याला मामाकडे राहते. मामा तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. घर दोन खोल्यांचे, माणसे सहा.

"सर," ती म्हणाली, "ते दहा गुण माझे सोडून द्या. मी सहलीला नाही येत."

कारण विचारावे लागले नाही. चार दिवसांच्या सहलीचे पैसे म्हणजे त्या घरचा निम्म्या महिन्याचा किराणा. आमच्या एका सहकारी बाईंनी प्राध्यापकांत वर्गणी काढण्याचे सुचवले. मी ते मुलीच्या कानावर घातले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "नको सर. वर्गणीवर गेले तर चार दिवस सगळ्यांचे आभारच मानत फिरेन. समुद्राकडं बघायचं राहूनच जाईल."

यावर कोण काय बोलणार? पण दहा गुण सोडून देणे मलाही पटेना. गुणांचे एक वेळ राहो. आपण पाहण्यासारख्या जगात राहत नाही, अशी जी समजूत त्या मुलीच्या मनात घर करू लागली होती, ती मला दहा गुणांहून महाग वाटली. मी विचारले, "तळेगाव पाहिलंस?"

"रोज तर बघते सर. भाजीला जाते ना मामीबरोबर."

"भाजीचं नव्हे. दाभाड्यांचं."

तिला हसू आले. तिचे तरी काय चुकले? मी स्वतः सोमाटण्यालाच राहतो. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरचे आमचे गाव. बाहेरच्या जगात कितीतरी वर्षे त्याची ओळख काय, तर टोलनाका. मागे घोरावडेश्वराचा डोंगर, त्यात दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी. याच डोंगरावर तुकोबा एकांताला येत असे परंपरा सांगते. पण गाडीच्या काचेतून पाहणाऱ्याला दिसते ती वडापावची रांग. तळेगाव तर आमच्यापासून तासाभराच्या पायी वाटेवर. इतके जवळचे गाव ऐतिहासिक असू शकते यावर कुणाचा विश्वास बसत नाही. इतिहास हा नेहमी तिकीट काढून जाण्याच्या अंतरावर असावा लागतो!

मी तिला ग्रंथालयातून सरदेसायांच्या मराठी रियासतीचे दोन खंड काढून दिले आणि म्हटले, "हे आठ दिवस वाच. मग एक अख्खा दिवस तळेगावात घाल. एकटी जा, नाहीतर मामीला घेऊन जा, पण पायी फिर. आणि एकच प्रश्न बरोबर ने. इथं काय उरलंय हे विचारू नकोस. इथून काय काय गेलं, ते शोधून ये."

ती एका गुरुवारी गेली. मामीने डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. महामार्गाच्या कडेने लिंब फाट्यापर्यंत चालत, तिथून आत वळून गावात. दिवसभर हिंडली आणि दिवेलागणीच्या आत वीस रुपये देऊन शेअर रिक्षाने घरी आली. मुक्काम, मार्गदर्शक, न्याहारी, सर्व धरून खर्च वीस रुपये.

गावात शिरल्यावर तिने आधी ग्रामदैवत डोळसनाथाचे दर्शन घेतले आणि मग तळ्याकडे गेली. काठावर एक म्हातारबाबा बसले होते. त्यांना तिने तोंडपाठ केलेला प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "गेलं काय ते ठाऊक नाय, पण बुडालं ते सांगतो. साहेबाच्या तोफा हायेत ह्याच्यात. माझा आजा सांगायचा."

आता ही आजोबांची कथा आणि इतिहास यांचे चांगले जमते बरे का! १७७८ च्या अखेरीस राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज घाट चढून आली. तोफखाना, बैलांचे तांडे, सामानसुमान यांच्या ओझ्याने ती गोगलगायीसारखी सरकत होती. कार्ल्यापाशी ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याच्या शौर्यावर खूश होऊन शत्रू असूनही त्याला 'इष्टुर फाकडा' ही पदवी दिली. ९ जानेवारीला फौज तळेगावात पोचली तेव्हा गाव ओस पडलेले, दाणावैरण जाळून टाकलेली. पुणे अवघे नऊ कोस राहिले होते, पण पोटाला अन्न नाही आणि भोवती महादजी शिंदे, हरिपंत फडके यांच्या फौजा. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि गुपचूप मागे पाय घेतला. वडगावला ते पुरते कोंडले गेले आणि वडगावचा तह झाला. म्हणजे पुणे वाचवण्यासाठी जळाले ते तळेगाव. विजयस्तंभ वडगावला उभा राहिला. ज्यांनी आपली धान्याची पेवे रिकामी केली आणि घरे सोडली, त्यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत.

मुलीने वहीत लिहिले होते, "इथून इंग्रज परत गेले. पण त्याआधी इथले लोक घर सोडून गेले होते. ते परत आले तेव्हा त्यांना काय सापडलं असेल?" मी समासात फक्त एक बरोबरची खूण केली. दुसरे काय करणार?

दुपारी ती बनेश्वराच्या देवळापाशी गेली. तिथे सेनापती खंडेराव दाभाडे आणि उमाबाई यांच्या समाध्या आहेत. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापती केले. गुजरातेत मराठ्यांचा पाय रोवला तो दाभाड्यांनी. १७२९ त खंडेराव वारले आणि दोनच वर्षांनी, १ एप्रिल १७३१ रोजी, डभईच्या लढाईत त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव पडले. परक्याच्या नव्हे, बाजीराव पेशव्यांच्या फौजेपुढे. पुढे शाहू महाराज बाजीरावांना घेऊन स्वतः तळेगावी आले आणि त्यांनी उमाबाईंचे सांत्वन केले, अशी कथा सांगतात. नवरा गेला, मुलगा गेला, आणि सेनापतीपद धाकट्याच्या नावे राहून कारभार या बाईच्या अंगावर आला. अहमदाबादेवर ती स्वतः फौज घेऊन गेली. उत्तरायुष्यात तिने ताराबाईंचा पक्ष घेतला, तो अंगाशी आला. १७५१ त नानासाहेब पेशव्यांनी दाभाड्यांना कैदेत टाकले, आणि १७५३ त उमाबाई वारल्या. सत्ता कुठे गेली? दाभाड्यांच्या हाताखालचे सरदार गायकवाड, त्यांच्या हाती गुजरात गेला आणि त्यातून बडोद्याचे राज्य उभे राहिले. बडोद्याचे राजवाडे पाहायला आपण गाड्या करून जातो. त्या राज्याचे बी ज्या गावातून गेले ते आपल्या वाटेवर असते, आणि आपण तिथे चहालाही थांबत नाही.

या समाधीपाशी मुलीने जे लिहिले, ते मला पुस्तकात सापडले नसते. "उमाबाई अभोण्याच्या. अभोणे नाशिककडं. म्हणजे त्याही माझ्यासारख्याच लांबून इथं आल्या. त्यांनी सप्तशृंगीच्या गडाला पायऱ्या बांधल्या. राहायला तळेगावात, पण पायऱ्या माहेरच्या देवीला." इतकेच. पुढे एक ओळ कोरी सोडलेली होती.

दाभाड्यांच्या वाड्यापाशी ती थांबली, पण उगाच आत डोकावली नाही. "लोकांच्या राहत्या घराला आपण प्रेक्षणीय स्थळ म्हणणं बरं वाटलं नाही," हे तिचे कारण. पाच दिवसांत सात शहरे पाहणाऱ्यांनी हे वाक्य पाठ करावे.

आता या दिवसातली सर्वात मोलाची गोष्ट. ती तळेगावात कुठेही दिसत नाही. तिला पाटी नाही, दगड नाही, चबुतरा नाही. मुलीला ती रियासत चाळताना सापडली आणि मग माझ्याकडे येऊन तिने तिचा पुढला माग काढून घेतला. खंडेराव दाभाडे दर श्रावणात तळेगावी हजारो ब्राह्मणांना भोजन घालीत. डभईनंतर बाजीरावांनी ही प्रथा पुण्याला नेली आणि जोडीने शास्त्री-वैदिकांना रोख दक्षिणा देऊ लागले. पुढल्या पेशव्यांनी ती चालू ठेवली. हीच पुण्याची प्रसिद्ध श्रावणमासची दक्षिणा. पेशवाई बुडाली, पण एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातलाच पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १८४९ त लोकहितवादींच्या पिढीतल्या सुधारकांनी अर्ज केला, की दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या. सनातनी मंडळींनी त्यावर केवढा गहजब केला! तरी दक्षिणा प्राइज कमिटी निघाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. हुशार विद्यार्थ्यांना 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळू लागले. न्यायमूर्ती रानडे अशा फेलोंपैकीच एक.

जरा विचार करा. एका जातीच्या पंगतीत सुरू झालेला पैसा शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी पुस्तकांपर्यंत आला. वाटेत त्याचा धर्म बदलला, हेतू बदलला, घेणारे हात बदलले. त्या पहिल्या पंगतीला औशाच्या शेतकऱ्याच्या मुलीला कुणी पाट मांडला नसता. आज तीच मुलगी मराठी साहित्य घेऊन बी.ए. करते आणि त्या पंगतीचा हिशेब मागायला वही घेऊन तळेगावात उभी राहते. इतिहासाने केलेला हा प्रवास प्रवासवर्णनात बसवायचा कसा? तिने दोन वाक्यांत बसवला. "जेवण इथून गेलं आणि पुस्तक होऊन आमच्याकडं आलं. मी तळेगावला पाहुणी नाही, माझं इथं काहीतरी येणं आहे."

परतताना तिने गावातल्या आणखी दोन गोष्टींची नोंद केली. एक पैसा फंडाची. अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावात काच कारखाना निघाला. तिथे शिकलेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणी काचेच्या धंद्यात पसरले. म्हणजे इथून काय गेले, तर हुन्नर गेला. दुसरी नोंद गो. नी. दांडेकरांची. परतवाड्यात जन्मलेला हा माणूस तळेगावात राहिला, इथून सह्याद्रीतले गड पायाखाली घातले आणि ते मराठी वाचकांच्या घरोघरी पोचवले. १९९८ त ते गेले. मुलीने लिहिले, "यांच्या पुस्तकातले गड आमच्या गावच्या वाचनालयात होते. ते कुठून निघाले होते ते आज कळलं."

गोव्याची मंडळी परतल्यावर प्रवासवर्णनांचे वाचन झाले. चर्च, समुद्र, चर्च, समुद्र, मासळी असा क्रम लागला होता. शेवटी ही उठली. सुरुवातीला आवाज लागेना. तळ्यातल्या तोफांपर्यंत आली तेव्हा मागच्या बाकावरची चुळबूळ थांबली. वाचून झाल्यावर तळेगावचाच एक मुलगा, एरवी वर्गात फारसा न बोलणारा, उठून म्हणाला, "सर, मी रोज त्या तळ्यावरून येतो." पुढे त्याला काही सुचले नाही. तो तसाच खाली बसला. पण पुढल्या आठवड्यात तो स्वतः होऊन रियासतीचे खंड मागायला आला, आणि ग्रंथपाल मला विचारू लागले की परीक्षेत काही आले आहे का.

मुलीच्या परवानगीने तो निबंध मी माद्रिदलाही पाठवला. तिकडून उत्तर आले. "सर, मी टोलेडोत दोनशे फोटो काढले, पण हा प्रश्न तिथं विचारला नाही. आता पुन्हा जाऊन विचारीन." आणि खरेच, या प्रश्नाने टोलेडोही निराळे दिसू लागते. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिले, तेव्हा तिथले ज्यू गेले. त्यांची प्रार्थनामंदिरे तेवढी उरली, तीच आज प्रवासी पाहतात. १५६१ त दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला हलवला, तेव्हा सत्ता गेली. पण त्याच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, त्या गावात बसून पंडितांनी अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ क्रेमोनाच्या जेरार्डने तिथेच भाषांतरित केला. ते ज्ञान तिथून साऱ्या युरोपात गेले. तळेगावहून दक्षिणा गेली तसे.

दोन गावांत फरक नाही असे नव्हे. टोलेडोने उरलेले नीट जपले, आपण ते धड जपत नाही, आणि याबद्दल आपल्याला लाज वाटली पाहिजे. शिलालेखाला चुना फासणारे आणि बुरुजावर स्वतःचे नाव कोरणारे हातही आपलेच. पण जपलेले नाही म्हणून पाहण्यासारखे नाही, ही आळशी माणसाची सबब झाली. दगड ढासळले तरी तिथून काय निघाले आणि कुठवर पोचले याचा माग वाचता येतो. त्याला थोडे वाचन लागते, एक दिवस लागतो, आणि पायात चालण्याची ताकद लागते.

तेव्हा वाचकहो, यंदा फराळ उरकला की मुलांना घेऊन आपल्या गावापासून तासाभराच्या वाटेवरचे एखादे जुने गाव गाठा. प्रत्येकाच्या वाट्याला असे एखादे तळेगाव असतेच. जाण्याआधी चार पाने वाचा. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, इथून काय गेले? मुलांना उत्तर सापडले नाही तरी चालेल. गावाला असा प्रश्न विचारता येतो एवढे कळले तरी खर्च वसूल झाला.

आणि हो, त्या मुलीला दहापैकी किती गुण दिले, हे विचारणारी पत्रे येतील म्हणून आताच सांगून टाकतो. नऊ. शुद्धलेखनाचा एक कापला. मराठीच्या मास्तराने तेवढे तरी केलेच पाहिजे.